वरातीमागून आलेले घोडे: क्राफ्टवर्कच्या ‘टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स’चे प्रकरण

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा झाली १९०३ साली. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. दोन महायुद्धांच्या काळात ती बंद होती, त्यामुळे मोजणीने २००३ची शर्यत नव्वदावी. पण शंभर वर्षे भरली म्हणून ती शताब्दीची शर्यत म्हणून साजरी झाली. ५ जुलैला पॅरिसमध्ये सुरू झालेली शर्यत २७ जुलैला पॅरिसलाच संपली. या शताब्दीसाठी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरातला क्राफ्टवर्क हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा बँड एक अल्बम करत होता. तो दुकानात आला ४ ऑगस्टला. वरातीमागून घोडे.

तरीही हा अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. क्राफ्टवर्कला मायदेशात हे स्थान त्याआधी कधीच मिळाले नव्हते, त्यांच्या गाजलेल्या ‘आउटोबान’ अल्बमलाही नाही. ब्रिटनमध्ये तो एकविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पूर्णपणे नव्या रचनांचा त्यांचा आधीचा अल्बम नोव्हेंबर १९८६मधला. म्हणजे मध्ये जवळजवळ सतरा वर्षे गेली होती. चौघांपैकी दोघे बँड सोडून गेले होते आणि ज्या आवाजाचे हे लोक जनक मानले जात, तो आवाज तोवर गल्लोगल्लीच्या संगणकांवर निघू लागला होता.

लांबलेल्या विश्रांतीनंतर परतणाऱ्या सिंथ-पॉप बँडची उदाहरणे बरीच आहेत. ओएमडी १९९६नंतर चौदा वर्षांनी आले, ह्यूमन लीगने २००१नंतर २०११ साल गाठले. त्यांतून हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की यात काय जमले आणि काय निसटले हे दोन्ही ऐकून दाखवता येते. शिवाय ‘प्रतिभेचे पुनरागमन’ वगैरे जे लिहिले जाते, त्यापेक्षा इथली खरी हकिगत बरीच रुक्ष आहे. हा अल्बम निघाला तो तीन गोष्टींमुळे: हाताशी असलेली वीस वर्षांपूर्वीची एक धून, बाहेरून आलेली एक तारीख, आणि स्टुडिओचे यंत्रांकडून संगणकाकडे झालेले स्थलांतर.

सतरा वर्षे नेमकी कशात गेली

१९८१च्या ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’पर्यंत राल्फ ह्युटर, फ्लोरियान श्नायडर, कार्ल बार्तोस आणि वुल्फगांग फ्ल्युर हे चौघे दर एक ते तीन वर्षांनी एक अल्बम देत होते. फेब्रुवारी १९८२मध्ये त्यांचे ‘द मॉडेल’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. गाडी घसरली ती त्यानंतर. १९८३मध्ये ‘टूर द फ्रान्स’ नावाचे एकच गाणे सिंगल म्हणून आले. त्यामागोमाग ‘टेक्नो पॉप’ नावाचा अल्बम येणार होता. रेकॉर्ड कंपनीने त्याला आपल्या यादीतला क्रमांकही दिला होता, पण तो मागे घेतला गेला. त्या सुमाराला ह्युटर सायकलवरून पडून डोक्याला जबर मार बसला होता. विलंबाचे सगळे खापर मात्र त्या अपघातावर फोडता येत नाही. हाताशी होते ते साहित्य पुन्हा पुन्हा मिसळणे, नवे डिजिटल यंत्र आले की जुने मोडून पुन्हा रचणे, यातच तीन वर्षे गेली. अखेर ते ‘इलेक्ट्रिक कॅफे’ या नावाने बाहेर पडले: सहा रचना, पस्तीस मिनिटांच्या आसपास. २००९च्या नव्या आवृत्तीत त्याला ‘टेक्नो पॉप’ हे मूळ नाव परत देण्यात आले.

१९८७मध्ये फ्ल्युर गेला, १९९०मध्ये बार्तोस. दोघांच्याही तक्रारीचा गाभा एकच: काम पुढे सरकत नाही, आणि ह्युटर-श्नायडर स्टुडिओपेक्षा सायकलवर जास्त असतात. बार्तोसचे जाणे जास्त महाग पडले. १९७८पासूनच्या बहुतेक रचनांवर सहरचनाकार म्हणून त्याचे नाव आहे, आणि गुणगुणता येतील अशा त्या काळच्या धुनांत त्याचा हात मोठा आहे. ही उणीव पुढे ऐकू येते.

१९९१ साली आलेला ‘द मिक्स’ हा जुन्याच गाण्यांचा नवा अवतार. पुष्कळांनी त्याला ‘वेळ मारून नेणे’ म्हटले. पण स्टुडिओच्या नजरेने पाहिले तर हेच त्या दशकातले मुख्य काम होते. क्लिंग क्लांग या त्यांच्या स्टुडिओतले सगळे जुने आवाज, म्हणजे ढोलाचा एकेक ठोका, व्होकोडरमधून (माणसाचे बोलणे यांत्रिक करणाऱ्या यंत्रातून) गेलेला एकेक शब्द, सिंक्लाव्हियर आणि इतर डिजिटल यंत्रांत उतरवले गेले. फ्ल्युरच्या जागी आलेला फ्रिट्झ हिल्पर्ट मुळात ध्वनिअभियंता. नंतर आलेला हेनिंग श्मिट्झ हाही तसाच. वादक गेले आणि अभियंते आले. गटाचा स्वभाव तिथेच बदलला.

जुन्या टेपवरून डिजिटलमध्ये उतरवणे हे एका दुपारचे काम नव्हे. ज्यांना असे काम करायचे असते, त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. दोन इंची चोवीस ट्रॅकच्या टेपचे २,५०० फुटांचे रीळ सेकंदाला ३० इंच या वेगाने साडेसोळा मिनिटे चालते, १५ इंच वेगाने तेहतीस. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचे चिकटद्रव्य दमट हवेत ओलावा धरते. अशी टेप तशीच लावली तर ती यंत्राच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि वरचा चुंबकीय थरच खरवडून निघतो. म्हणून ती आधी ५० ते ५५ अंश सेल्सियसला आठ तास किंवा जास्त मंद शेकतात, पूर्ण गार होऊ देतात, आणि पुढच्या काही आठवड्यांतच उतरवून घेतात, कारण ओलावा पुन्हा धरला जातो. पहिल्या फेरीतच चांगल्या दर्जाची नक्कल घ्यायची. ‘आधी ऐकून बघू’ म्हणणारा टेप गमावतो. यात चूक होते ती अशी: लोक पूर्ण गाण्याची अंतिम मिसळण उतरवतात आणि सुटे आवाज तसेच ठेवून देतात. नव्या अल्बमला उपयोगी पडतात ते सुटे आवाजच.

१९९७मध्ये इंग्लंडमधल्या ल्यूटन हू इथे ‘ट्रायबल गॅदरिंग’ या मेळाव्यात आणि पुढे कार्ल्सरुहे शहरात त्यांनी काही नव्या, नाव नसलेल्या रचना वाजवल्या. त्या कधीच प्रसिद्ध झाल्या नाहीत. डिसेंबर १९९९मध्ये हानोवरच्या जागतिक प्रदर्शनासाठी ‘एक्सपो २०००’ हे सिंगल आले. या दोन घटना शेजारी ठेवल्या की गुपित उलगडते. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेळापत्रकाने केलेले काम कपाटातच राहिले. ज्याला बाहेरच्या कुणाची तरी तारीख होती, तेच बाहेर आले. शताब्दीची शर्यत ही दुसरी तारीख.

बंदिश एक, बढत अनेक

१९८३च्या मूळ सिंगलची धून पॉल हिंडेमिटच्या बासरी-पियानो सोनाटाच्या (१९३६) आरंभाशी मिळतीजुळती आहे, हे संगीताचे अभ्यासक पूर्वीपासून सांगत आले आहेत. तिच्याखाली ठेका होता तो सायकलचा: दमाचा आत-बाहेर होणारा आवाज, साखळीची खरखर. शब्द फ्रेंच. शब्दांच्या कामात माक्सीम श्मिट हा त्यांचा फ्रान्समधल्या रेकॉर्ड कंपनीतला मित्र सहभागी होता. २००३मध्येही तोच होता.

नव्या अल्बमवर बारा रचना आहेत, एकूण छप्पन्न मिनिटांच्या आसपास. त्या कशा मांडल्या आहेत ते बघण्यासारखे आहे. आधी अर्ध्या मिनिटाचा ‘प्रोलोग’. मग ‘एताप’ म्हणजे टप्पा, १, २ आणि ३, अनुक्रमे साडेचार, पावणेसात आणि चार मिनिटांच्या आसपास. त्याला जोडून सव्वातीन मिनिटांचा ‘क्रोनो’, म्हणजे घड्याळाविरुद्धची एकट्याची शर्यत. ही पहिली एकोणीस मिनिटे एकसलग वाहतात आणि त्यांत साहित्य जवळजवळ एकच आहे. मुखडा तोच, बढत वेगळी. एकदा शब्द पुढे, एकदा तालाचे तुकडे पुढे, एकदा नुसते स्वरांचे पडदे. ख्याल ऐकणाऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही. तीन मिनिटांचे गाणे मागणाऱ्याला ही फसवणूक वाटली, आणि काही समीक्षकांनी तसे लिहिलेही.

यानंतरचा मधला भाग म्हणजे खरा नवा माल: ‘व्हिटामिन’ आठ मिनिटे, ‘एरो डायनॅमिक’ पाच, ‘टायटेनियम’ सव्वातीन, ‘एलेक्ट्रो कार्डिओग्राम’ सव्वापाच, ‘ला फॉर्म’ पावणेनऊ. त्याला शेपूट म्हणून ‘रेजेनेरासियों’ सव्वा मिनिट. आणि सर्वांत शेवटी १९८३चे मूळ गाणे नव्या ध्वनिमुद्रणात, सव्वापाच मिनिटे, रचनाकारांत बार्तोसचे नाव कायम ठेवून. हिशेब केला तर नव्या कल्पना पाच-सहा. बाकीचा पसारा एका जुन्या कल्पनेचा.

याला आम्ही दोष मानत नाही. उलट पुनरागमनाच्या अल्बममध्ये जे हमखास चुकते ते इथे टळले. बहुतेक बँड परतताना दहा वर्षांत साठलेले सगळे तुकडे एकत्र करतात. प्रत्येक गाण्याचा काळ वेगळा, यंत्र वेगळे, आवाजाची पोत वेगळी. अल्बम गोधडीसारखा होतो. क्राफ्टवर्ककडे १९९७च्या अप्रकाशित रचना होत्या, तरीही अल्बमचा विषय सायकल एवढाच राहिला. धातू, हवा, औषध, हृदय, दम. सगळे एका माणसाच्या आणि त्याच्या दोन चाकांच्या आत.

उणीव मात्र झाकता येत नाही. अल्बम संपल्यावर कानात राहते ती धून शेवटच्या गाण्याची, आणि ती १९८३ची आहे. ‘एरो डायनॅमिक’चा ठेका पाय हलवतो, ‘ला फॉर्म’ची संथ, थकव्यानंतरची शांतता या अल्बममधली सर्वांत सुंदर जागा आहे, पण ‘द मॉडेल’सारखी रस्त्यात शिट्टीवर वाजवावी अशी नवी धून यात नाही. योगायोग असा की बार्तोसचा ‘कम्युनिकेशन’ हा स्वतःचा अल्बमही २००३मध्येच आला. तो धुनांनी भरलेला आहे आणि त्यात क्लिंग क्लांगची पोत नाही. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले की मोडलेल्या संसारात भांडी कुणाकडे गेली आणि चूल कुणाकडे, ते कळते.

दम, हृदय आणि शब्दांच्या याद्या

ह्युटरच्या हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या वैद्यकीय तपासण्यांतले आवाज आणि नोंदी या अल्बमसाठी वापरल्या गेल्या. ऐकायला हे सोपे वाटते. करायला बसले की तीन अडचणी येतात, आणि त्या तिन्ही ज्याला कुणाला असे काही करायचे असेल त्याला येणारच.

पहिली अशी की हृदयाच्या विद्युत आलेखाला आवाजच नसतो. तो व्होल्टेजचा चढउतार आहे. दवाखान्यातला ‘टिक टिक’ हा यंत्राने प्रत्येक ठोक्यावर लावलेला वेगळा स्वर असतो. खरा ‘लब-डब’ हवा असेल तर तो छातीवर लावलेल्या मायक्रोफोनने किंवा स्टेथोस्कोपमधून घ्यावा लागतो. त्यातली बहुतेक शक्ती २० ते १५० हर्ट्झमध्ये असते. मोठ्या स्पीकरवर छाती हादरते, आणि लहान रेडिओवर काहीच ऐकू येत नाही. उपाय: तोच ठोका थोडा विकृत करून त्याचे वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनाच्या पटीतली वरची कंपने, तयार करायचे, किंवा १ ते २ किलोहर्ट्झचा एक बारीक टोकदार आवाज त्याच क्षणी बसवायचा. कान तो टोक ऐकतो आणि खालचा धक्का मनाने भरून काढतो.

दुसरी अडचण लयीची. निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही. दोन ठोक्यांमधले अंतर श्वासागणिक कमीजास्त होते. त्यामुळे मिनिटभराचे ध्वनिमुद्रण जसेच्या तसे तालावर बसत नाही. एकच ठोका कापून घ्यायचा आणि तोच पुन्हा पुन्हा लावायचा. ‘लब’ आणि ‘डब’ यांतले अंतर विश्रांतीच्या वेळी साधारण ०.३ सेकंद असते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तिचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे ‘डब’ २५० आणि ३७५ यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतो आणि ठेका लंगडा वाटतो. ‘डब’ वेगळा कापून २५०वर सरकवला की तो मात्रेच्या बरोबर मध्यावर बसतो. हे केले की तो वैद्यकीय पुरावा उरत नाही, ढोल होतो. तसाच तो व्हायला हवा.

तिसरी अडचण दमाची. त्याचा आवाज घेताना मायक्रोफोन तोंडासमोर नव्हे, वीस-तीस सेंटिमीटरवर जरा बाजूला ठेवायचा, आणि ८० हर्ट्झच्या खालचे सगळे कापायचे. नाहीतर उच्छ्वासाची हवा पडद्यावर आदळून भप्पकन आवाज येतो. श्वास आत घेतानाचा आवाज वरच्या पट्टीत आणि हळू चढणारा असतो, बाहेर सोडतानाचा खालच्या पट्टीत आणि झटक्यात सुरू होणारा. हे दोन मिळून ड्रमसेटमधल्या हाय-हॅट आणि स्नेअरचे काम करतात. गोरा गोंगाट, म्हणजे सर्व कंपनांचा सरसकट मिसळलेला आवाज, फिल्टरमधून काढूनही अशी नक्कल करता येते. पण नक्कल दर वेळी तंतोतंत सारखी येते आणि कानाला तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. चार-पाच खरे श्वास आळीपाळीने लावणे चांगले.

उरला भाग शब्दांचा. ‘व्हिटामिन’मध्ये जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची यादी आहे. ‘टायटेनियम’मध्ये सायकलच्या सांगाड्याचे धातू आहेत. एतापमध्ये शर्यतीची परिभाषा येते. वाक्ये फार कमी. याला काव्यदारिद्र्य म्हणणारे आहेत, पण व्होकोडरचा स्वभाव समजला तर कारण दिसते. हे यंत्र बोलण्याला कंपनांच्या दहा-वीस पट्ट्यांत चिरते आणि प्रत्येक पट्टीचा चढउतार सिंथसायझरच्या स्वरावर लादते. स्वरवर्ण त्यातून नीट पार होतात. स, श, ट, क यांची ओळख बरीचशी वरच्या कंपनांत असते, आणि ती तिथे पुसट होते. लांब वाक्य गढूळ ऐकू येते. ओळखीचा, दोन-तीन अक्षरांचा, पुन्हा पुन्हा येणारा शब्द मात्र दुसऱ्या खेपेला स्पष्ट होतो. शब्दही असे निवडले आहेत की फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजीत ते नाम थोड्याफार फरकाने एकच असावे. ‘मेकॅनिक’, ‘टेक्निक’, ‘व्हिटामिन’ ऐकायला कुणालाच शब्दकोश लागत नाही. मराठी माणसालाही नाही. श्नायडरचे कृत्रिम आवाजावरचे प्रेम जुने होते. गाऊ शकणाऱ्या वाणी-यंत्राच्या पेटंटपर्यंत त्याची मजल गेली होती.

तारीख चुकली तेव्हा

‘टूर द फ्रान्स २००३’ हे सिंगल जुलैत, शर्यत चालू असतानाच आले. अल्बम मागे राहिला. कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळात ही चूक आजच्यापेक्षा महाग होती. तयार मास्टर कारखान्यात गेल्यापासून छापलेली तबकडी दुकानाच्या फळीवर येईपर्यंत आठवडे लागत. एकाच दिवशी अनेक देशांत आणायची तर जास्तच. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत हा गट ऑस्ट्रेलियात ‘बिग डे आउट’च्या फिरत्या मेळाव्यात वाजवत होता. जुलैची तारीख गाठायची तर मास्टर मे महिन्यात हातावेगळे व्हायला हवे होते. छप्पन्न मिनिटांचे, एकसलग वाहणारे काम अशा घाईत होत नाही: एका रचनेची लांबी बदलली की पुढच्या सर्व जोडण्या हलतात.

जर्मनीत त्या जुलैत सायकलचे वेड तसेही टिपेला होते. जर्मनीचा यान उलरिच आणि अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग यांच्यात शेवटपर्यंत चुरस होती. नांतला संपणाऱ्या अखेरच्या क्रोनोमध्ये पावसात उलरिच घसरून पडला आणि शेवटी ६१ सेकंदांनी हरला. त्या गरम तव्यावर सिंगल पडले. अल्बमला तवा कोमट झाल्यावर यावे लागले. तरी पहिला क्रमांक मिळाला. यात सायकलप्रेमींचा वाटा किती आणि सतरा वर्षे वाट पाहणाऱ्यांचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण उशिराने या अल्बमला फारशी इजा झाली नाही हे खरे. कदाचित भलेच झाले. शर्यतीसोबत आला असता तर तो शर्यतीचा स्मृतिचिन्ह-माल ठरला असता.

त्यातही एक कडवट विनोद आहे. ‘व्हिटामिन’ हे शरीराला इंधन पुरवण्याचे निष्पाप गाणे ज्या शर्यतीसाठी झाले, तिला आज अधिकृत विजेताच नाही. फेस्टिना संघाच्या १९९८मधल्या प्रकरणापासून उत्तेजकांची चर्चा चालूच होती. २०१२मध्ये आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि ती दुसऱ्या कुणालाही दिली गेली नाहीत. अल्बम बनवणाऱ्यांनी हे ओळखले होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण आज ऐकताना ती गोळ्यांची यादी वेगळीच वाटते.

मंचावर काय टिकले

१९८१च्या दौऱ्यात क्राफ्टवर्क आपला जवळजवळ पूर्ण स्टुडिओ सोबत घेऊन फिरले होते: धातूच्या चौकटी, तारा, पडदे. २००२च्या सुमाराला हे सारे चार लॅपटॉपवर आले. हा बदल अल्बमच्या आधी झाला, आणि म्हणूनच अल्बम जसा आहे तसा आहे. ज्या फाइलमध्ये रचना घडते तीच फाइल मंचावर उघडायची असेल, तर लांब, उघड्या, थरांनी बांधलेल्या रचना सोयीच्या. चार मिनिटे वाढवायची असली तर वाढवता येतात, एक थर बंद केला तरी इमारत पडत नाही.

लॅपटॉपवर जाताना मिळते काय आणि जाते काय, याचेही आकडे आहेत. जुन्या पद्धतीत यंत्रे मिडी तारेने, म्हणजे कुठला स्वर वाजवायचा हे एकमेकांना कळवणाऱ्या तारेने, जोडलेली. तिच्यावरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एका स्वराचा निरोप तीन बाइटांचा, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. एकाच तारेवर दहा स्वर एकदम पाठवले तर पहिला आणि दहावा यांत जवळजवळ नऊ मिलिसेकंदांची फाक पडते. ठोक्याची धार बोथट होते. संगणकाच्या आत ही फाक नाहीशी होते. ‘एरो डायनॅमिक’मध्ये जी कातरल्यासारखी अचूकता आहे, ती या जातीची. उलट बाजूने, कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर वाढतो. २५६ नमुन्यांचा बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक साठवतो तो तुकडा, ४४.१ किलोहर्ट्झवर ५.८ मिलिसेकंद खातो, १२८चा २.९. बफर लहान केला तर संगणक धापा टाकतो आणि मध्येच आवाज तुटतो. मोठा केला तर वादकाचा हात मागे पडल्यासारखा वाटतो. मंचावर आवाज तुटणे हा गुन्हा, हात मागे पडणे ही सवय. म्हणून शहाणे लोक बफर मोठाच ठेवतात.

हा अल्बम कामाला आला की नाही, याची परीक्षा २००५च्या जूनमध्ये आलेल्या ‘मिनिमम-मॅक्सिमम’ या दुहेरी मंचीय ध्वनिमुद्रणात घेता येते. त्यावर बावीस रचना आहेत. पैकी सात या अल्बममधल्या. ‘इलेक्ट्रिक कॅफे’मधली एकच आहे. ज्या अल्बमवर नवे फारसे काही नाही असे म्हटले गेले, त्याने कार्यक्रमाचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापला. दुसऱ्यांनाही त्यात खाद्य मिळाले: २००७मध्ये ‘एरो डायनॅमिक’ आणि ‘ला फॉर्म’ यांचे हॉट चिप या बँडने केलेले नवे अवतार निघाले.

२००९च्या संचात अल्बमचे नाव नुसते ‘टूर द फ्रान्स’ झाले आणि आठ अल्बमांच्या अधिकृत यादीत त्याला आठवे, शेवटचे स्थान मिळाले. एप्रिल २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आठ रात्री आठ अल्बम वाजवले गेले; शेवटची रात्र याची. श्नायडर तोवर गटात नव्हता. तो बाहेर पडल्याचे जानेवारी २००९मध्ये जाहीर झाले, आणि एप्रिल २०२०मध्ये त्याचे निधन झाले. ‘टूर द फ्रान्स’नंतर क्राफ्टवर्कचा नव्या रचनांचा स्टुडिओ अल्बम आलेला नाही. २०१८मध्ये ग्रॅमी मिळाले ते याच आठ अल्बमांच्या त्रिमितीय मंचीय संचाला.

१ जुलै २०१७ रोजी टूर द फ्रान्सची सुरुवातच ड्युसेलडॉर्फमधून झाली. पहिला टप्पा चौदा किलोमीटरचा क्रोनो होता. पाऊस पडत होता, रस्ते ओले होते, बरेच जण घसरून पडले. त्याच दिवशी गावातल्या एरेनहोफ चौकात उघड्यावर क्राफ्टवर्कचा कार्यक्रम होता. चौदा वर्षे उशिरा का होईना, शर्यत आणि साउंडट्रॅक एका तारखेला आले.